बाराशे लक्स आणि करपलेली मिरची : रोपांचा उजेड मोजण्यामागची पार्श्वभूमी

गेल्या श्रावणात झड लागली होती तेव्हाची गोष्ट. जालन्याहून अंबडकडे जाताना माझ्या मावसभावाची रोपवाटिका आहे. आभाळ उघडेना म्हणून त्यानं दहा बाय बाराच्या खोलीत रॅक उभे केले, वर जांभळ्या उजेडाचे एलईडी पॅनल साखळीनं टांगले आणि मिरचीचे प्रोट्रे, म्हणजे रोपांचे खाचांचे ट्रे, आत आणले. पॅनल विकणाऱ्यानं फोनवर सांगितलं होतं, पाच हजार लक्स ठेवा. लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक. भावानं कुणाचं तरी लक्समीटर मागून आणलं. ते दाखवत होतं बाराशे.

मग त्यानं डिमरची कळ शेवटपर्यंत फिरवली, साखळ्या लांब करून पॅनल रोपांच्या डोक्याशी आणले आणि आकडा पाच हजारांवर नेला. पाचव्या दिवशी फोन. "दादा, शेंड्याची पानं वाटीसारखी वळायलीत, पांढरी पडायलीत. मीटर खोटं बोलायलंय का?"

मीटर खरंच बोलत होतं. ते ज्याच्या वतीनं बोलत होतं तो माणूस होता, मिरची नव्हे. हा घोळ त्या विक्रेत्याचा नाही आणि भावाचाही नाही, तो दीडशे वर्षं जुना आहे.

उजेड मोजायची गरज पडली ती शहरांतल्या गॅसच्या दिव्यांमुळे. कंपनी गॅस विकते, त्याचा उजेड पुरेसा आहे की नाही हे ठरवणार कसं? लंडनमध्ये १८६० च्या कायद्यानं त्यासाठी एक मेणबत्ती नेमून दिली. व्हेलच्या डोक्यातून निघणाऱ्या मेणाची, एका पौंडात सहा बसतील अशी आणि तासाला १२० ग्रेन, म्हणजे साधारण पावणेआठ ग्रॅम जळणारी. तिच्यापासून एक फुटावर पडणारा उजेड म्हणजे एक फूट-कॅण्डल. आजच्या हिशोबात पावणेअकरा लक्स. बघायचं काम डोळ्याचं. समोरासमोर दोन उजेड ठेवायचे आणि सारखे दिसेपर्यंत दिवा मागंपुढं सरकवायचा.

डोळ्याला सगळे रंग सारखे दिसत नाहीत, ही अडचण पुढं आलीच. १९२४ मध्ये प्रकाशाच्या आंतरराष्ट्रीय आयोगानं सरासरी माणसाच्या डोळ्याचा एक आलेख ठरवून टाकला. नॅनोमीटर म्हणजे प्रकाशलहरीच्या लांबीचं माप, रंग त्यावरून ठरतो. ५५५ नॅनोमीटरच्या हिरवट पिवळ्या उजेडाला पूर्ण गुण, दोन्ही बाजूंना उतरंड. ६६० नॅनोमीटरच्या गडद लालला शंभरात जेमतेम सहा, ४५० च्या निळ्याला चार. आज ऑनलाइन स्वस्तात मिळणाऱ्या लक्समीटरच्या काचेआड हाच आलेख बसलेला असतो. कमीअधिक नेमका, किमतीप्रमाणे.

त्याच १९२४ साली जगदीशचंद्र बोस यांचं प्रकाशसंश्लेषणावरचं पुस्तक आलं. त्यांनी हायड्रिलासारखी पाण्यातली वनस्पती घेऊन, ती उजेडात किती प्राणवायू सोडते हे आपोआप नोंदवणारं यंत्र कलकत्त्यात बनवलं होतं. एकाच वर्षी युरोपात उजेडाबद्दल डोळ्याला विचारलं जात होतं आणि कलकत्त्यात झाडाला. चलनात राहिलं ते डोळ्याचं उत्तर, कारण मीटर विकत घेणारे लोक दिवे, शाळा आणि कारखाने बांधत होते.

झाडाला विचारण्याची परंपरा तशी जुनी. इंगेनहाउझ यांनी १७७९ मध्येच दाखवलं होतं की हिरव्या पानांतून हवेचे बुडबुडे निघतात ते उजेडात, अंधारात नाही. एंगेलमान यांनी १८८२ मध्ये शेवाळाच्या तंतूवर लोलकातून सात रंग पाडले आणि पाण्यात प्राणवायूसाठी धावणारे जिवाणू सोडले. जिवाणूंची गर्दी लाल आणि निळ्या पट्ट्यात झाली. मीटर नाही, सुई नाही. जिवाणूच काय ते मीटर.

विजेच्या दिव्याखाली झाडं वाढवण्याची हौसही एलईडीच्या फार आधीची. विल्यम सीमेन्स यांनी १८८० च्या सुमारास इंग्लंडात कार्बन आर्क दिव्याखाली पिकं ठेवली. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात लिबर्टी हाइड बेली यांनी १८९० च्या आसपास तेच केलं, तेव्हा उघड्या दिव्याजवळची रोपं करपली. दिव्यावर काचेचा गोळा चढवल्यावर इजा कमी झाली, कारण काचेनं अतिनील किरण अडवले. आमच्या अंबड रस्त्यावरची मिरची काही पहिलीच नाही म्हणायची. पुढं १९२० मध्ये गार्नर आणि अलार्ड यांनी तंबाखूवर दाखवून दिलं की फूल कधी धरायचं हे झाड दिवसरात्रीच्या लांबीवरून ठरवतं. शेवंतीच्या प्लॉटमध्ये रात्री बल्ब लावून फुलं लांबवतात, ते याच शोधावर. तिथं उजेड किती यापेक्षा किती वेळ याला महत्त्व.

लक्स आपल्या शेतीत शिरलं ते प्रयोगशाळेच्या दारानं. १९३० नंतर सेलेनियमच्या चकतीची मीटरं आली. सेल लागत नव्हता, उजेड पडला की सुई हलायची. १९४८ मध्ये, म्हणजे मराठवाडा निजामाच्या राजवटीतून सुटला त्याच वर्षी, वजनमापांच्या जागतिक परिषदेनं मेणबत्तीला रीतसर निवृत्त करून कॅण्डेला हे एकक घेतलं. पण डोळ्याचा आलेख तोच. मग ऊतिसंवर्धनाच्या प्रयोगशाळा आल्या. अर्धापूरकडच्या केळीच्या बागांत जी टिश्यू कल्चरची रोपं लागतात, ती आधी काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या बाटलीत, ट्यूबलाइटच्या मांडणीवर, सोळा तास उजेड आणि आठ तास अंधार अशी वाढतात. उजेड किती, तर दोन-तीन हजार लक्स. हा आकडा शोधनिबंधांतून हस्तपुस्तिकेत आणि तिथून भिंतीवरच्या लॅमिनेट केलेल्या कागदावर आला.

आणि तो चालला! डोळ्याचं माप असूनही चालला, कारण ट्यूबलाइट इथून तिथून एकाच जातीची. पांढऱ्या थंड ट्यूबच्या उजेडात रंगांचं मिश्रण ठरलेलं, तेव्हा मीटरची चूकही ठरलेली. दर वेळी तेवढीच चुकणारी तागडी गिऱ्हाईक सांभाळून घेतं. सूर्याचंही तसंच.

झाडासाठी वेगळं माप घडलं ते १९७२ च्या आसपास. आपल्याकडे ते वर्ष दुष्काळाचं. खडी फोडायची कामं, सुकडीची पाकिटं. परभणीत कृषी विद्यापीठ उघडलं तेही त्याच साली. तिकडे टेक्सासमध्ये कीथ मॅक्री यांनी २२ जातींच्या पिकांची पानं एकेका रंगाच्या उजेडात ठेवून ती किती कार्बन डायऑक्साइड ओढतात हे मोजलं. शाळेच्या पुस्तकात क्लोरोफिलच्या आलेखाला लाल आणि निळ्यात दोन उंच शिखरं आणि मध्ये हिरव्याची खोल दरी असते. ती पानातून काढून द्रावणात विरघळवलेल्या क्लोरोफिलची. जिवंत पानात मॅक्री यांना एवढी दरी सापडलीच नाही. हिरवा उजेडही पान बऱ्यापैकी वापरतं. मला विचाराल तर जांभळ्या दिव्यांचा निम्मा बाजार त्या पुस्तकातल्या चित्रावर उभा आहे.

मॅक्री यांच्या कामातून निघालेला व्यवहार सोपा होता. ४०० ते ७०० नॅनोमीटरमधला प्रकाशाचा प्रत्येक कण सारखा धरायचा, रंग कुठलाही असो, आणि एका चौरस मीटरवर सेकंदाला किती कण पडले ते मोजायचं. कण अगणित, म्हणून मोजणी मायक्रोमोलमध्ये. एका मायक्रोमोलमध्ये साधारण साठ कोटी अब्ज कण असतात. हे माप म्हणजे पीपीएफडी, आणि ते दाखवणारं यंत्र म्हणजे क्वांटम सेन्सर. वैशाखातल्या भर दुपारी उघड्या रानात हा आकडा दोन हजारांच्या आसपास जातो. लक्समीटर त्याच वेळी लाखाच्या वर असतं. उन्हासाठी लक्सला ५४ नं भागलं की मायक्रोमोल मिळतात.

क्वांटम सेन्सर महाग, त्यामुळे तो विद्यापीठात आणि मोठ्या कंपन्यांतच राहिला. बाकीच्यांचं लक्सवर भागत होतं. ते भागेनासं झालं एलईडीमुळे.

डोळ्याला दिसणारा लाल एलईडी १९६२ मध्ये निक होलोन्याक यांनी बनवला. १९९१ मध्ये विस्कॉन्सिनच्या संशोधकांनी, अवकाशात भाजी पिकवण्याच्या खटपटीत, लेट्यूस लाल एलईडीखाली वाढवून दाखवलं. पण निळ्यासाठी त्यांना ट्यूबच जोडावी लागली, कारण झगझगीत निळा एलईडी तोवर नव्हताच. तो शुजी नाकामुरा यांनी १९९३ मध्ये आणला, आणि त्या कामासाठी अकासाकी आणि अमानो यांच्यासोबत २०१४ चं नोबेलही मिळालं. लाल आणि निळा एकत्र आले आणि तो जांभळा उजेड जन्मला. या दिव्यात डोळ्याला आवडणारा मधला भाग जवळजवळ नव्हताच.

आता भावाच्या खोलीत या. ६६० चा लाल आणि ४५० चा निळा, एवढंच असेल तर एका मायक्रोमोलला लक्समीटर फक्त सात-साडेसात लक्स दाखवतं. पांढऱ्या एलईडीखाली तोच एक मायक्रोमोल सत्तरच्या आसपास लक्स दाखवतो. म्हणजे त्याचे पहिले बाराशे लक्स हे १६० मायक्रोमोलच्या वर होते. मिरचीच्या कोवळ्या रोपाला चालण्यासारखे. ते पाच हजारांवर नेल्यावर झाले सातशेच्या जवळ, आणि तेही सोळा तास. आठवडाभर ढगाळ उजेडात राहिलेलं रोप एकदम त्यात ढकललं. विक्रेत्याचे पाच हजार बहुधा पांढऱ्या दिव्याचे असावेत. त्या हिशोबानं सत्तर मायक्रोमोल.

या विषयात आणखी एक धागा आहे आणि तो टाळून चालणार नाही. नेटवर घरातल्या दिव्यांबद्दल जे काही सापडतं, पीपीएफडीचे तक्ते, पॅनलच्या उंचीच्या चर्चा, कोपऱ्यात उजेड कमी पडतो म्हणून काढलेले नकाशे, त्यातलं पुष्कळसं गांजाच्या पिकातून आलेलं आहे. अमेरिकेत बंदीमुळे ते पीक घरात शिरलं, आधी रस्त्यावरच्या दिव्यांसारख्या सोडियम दिव्यांखाली आणि मग एलईडीखाली. कोलोरॅडोत २०१४ पासून उघड दुकानं झाली, कॅनडात २०१८ मध्ये कायदा बदलला, आणि दिव्यांच्या कंपन्यांना मोठं गिऱ्हाईक मिळालं. आपल्याकडे १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यानं परवान्याशिवाय त्याची लागवड हा गुन्हा आहे, दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि लाखापर्यंत दंड. तुरीत लपवलं काय आणि कपाटात दिव्याखाली ठेवलं काय. मात्र तिथले आकडे आपला माणूस लेट्यूसला किंवा मिरचीला जसेच्या तसे लावतो, ही अडचण खरी. फुलोऱ्यातल्या त्या झाडाला मानवणारा उजेड पंधरा दिवसांच्या रोपाला सोसणार नाही.

उजेड कमीजास्त करण्याचा इतिहास छोटा आहे. ट्यूबच्या मांडणीला सहसा डिमर नसायचा, मांडणीतली एखादी ट्यूब काढून ठेवायची. आणि व्होल्टेज पडलं की ती आपण होऊन लुकलुकायची, ते वेगळं. एलईडीचा ड्रायव्हर, म्हणजे त्याला वीज पुरवणारा डबा, ठरावीक करंट देतो, त्यामुळे लाइन थोडी वरखाली झाली तरी उजेड हलत नाही, आणि कळ फिरवून तो हवा तसा उतरवता येतो. अंतराचं गणित मात्र शाळेतलं लावू नये. अंतर दुप्पट म्हणजे उजेड चौथाई, हा नियम एकट्या बल्बचा. रुंद पॅनलखाली, त्यातही पांढऱ्या भिंतींच्या खोलीत, उजेड तितका झपाट्यानं उतरत नाही. म्हणून पानांच्या उंचीवर मीटर धरून मध्ये, कडेला आणि कोपऱ्यांत मोजणं आलंच. खोक्यावरच्या वॉटकडे तर बघूच नका. हजार वॉट छापलेलं पॅनल प्लगच्या मीटरवर शंभर-सव्वाशे ओढताना मी स्वतः पाहिलंय.

रोजचा हिशोबही लागतो. दोनशे मायक्रोमोल चौदा तास म्हणजे दिवसाला दहा मोल (एक मोल म्हणजे दहा लाख मायक्रोमोल). उघड्या रानात उन्हाळ्यात हेच चाळिसाच्या वर जातं. रोपवाटिकेला दहा-बारा पुष्कळ.

मापाचं काम अजून संपलेलं नाही. २०२० मध्ये युटा राज्य विद्यापीठातल्या झेन आणि बगबी यांनी दाखवलं की ७०० च्या पलीकडचा, डोळ्याला जवळजवळ न दिसणारा लालही इतर रंगांच्या सोबतीनं प्रकाशसंश्लेषणात भर घालतो. तेव्हा मोजणीची हद्द ७५० पर्यंत न्यावी का, यावर चर्चा चालू आहे.

भावानं क्वांटम सेन्सर घेतला नाही. किंमत ऐकून म्हणाला, "एवढ्यात दोन ट्रॉली कोकोपीट येतंय." लक्समीटर मात्र स्वतःचं घेतलं. त्याच्या पाठीवर पांढऱ्या चिकटपट्टीवर पेननं लिहिलंय: ऊन ५४, पांढरा ७०, जांभळा ७. सातच्या खाली दोन रेघा मारल्यात.