बिनशेपटीचा उंदीर

सात शेपट्यांच्या उंदराची गोष्ट आठवते? शाळेतली पोरं चिडवतात म्हणून तो न्हाव्याकडे जाऊन रोज एकेक शेपटी कापून घेतो. शेवटची शेपटी गेल्यावर पोरं ‘बिनशेपटीचा उंदीर’ म्हणून नव्यानं चिडवायला लागतात. नेरूळच्या आमच्या सोसायटीच्या सभेत परवा मला ही गोष्ट सारखी आठवत होती.

विषय साधा होता. अभ्यासिकेतल्या सहा कॉम्प्युटरना नवे कीबोर्ड आणि माऊस घ्यायचे होते. सेक्रेटरी म्हणाले, “आता वायरी कोण लोंबकळत ठेवतं? वायरलेस घ्या, टेबलं कशी मोकळी दिसतील.” खजिनदार काकूंनी चष्म्यावरून बघत विचारलं, “आणि सेल कोण बदलणार? तुम्ही?” मग सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या, कारण मी ठाण्यात स्टेशनजवळ काही वर्षं सायबर कॅफे चालवायचो. मी बोलायला लागलो, पण पुढचा विषय पाण्याच्या टाकीचा असल्यामुळे माझं निम्मं पोटातच राहिलं. ते इथे लिहितो.

माऊसला माऊस हे नाव वायरीमुळेच पडलं. १९६४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये डग्लस एंगलबार्टची कल्पना बिल इंग्लिशनं लाकडी खोक्यात उतरवली. खाली एकमेकांना काटकोनात बसवलेली दोन चाकं, वर एक बटण आणि मनगटाच्या बाजूनं निघालेली वायर. ती हाताखाली यायची म्हणून पुढे लवकरच दुसऱ्या टोकाला नेली, पण तोवर शेपूट दिसली होती आणि नाव चिकटलं होतं. ते पहिल्यांदा कुणाच्या तोंडून आलं हे नंतर एंगलबार्टलाही आठवत नव्हतं. ९ डिसेंबर १९६८ ला सॅन फ्रान्सिस्कोत त्यानं हे यंत्र भर सभेत चालवून दाखवलं, १९७० मध्ये पेटंट मिळालं. पैसे मात्र मिळाले नाहीत. माऊस घराघरांत पोचेपर्यंत पेटंटची मुदत संपत आली होती.

वायरीचं काम निरोप पोचवायचं, असं आपण धरून चालतो. पण ती न सांगता इतरही कामं करत असते. वीज आणते. कुठला माऊस कुठल्या कॉम्प्युटरचा, हा वाद होऊच देत नाही. तुम्ही काय टाइप करताय ते खोलीबाहेर जाऊ देत नाही. वायर कापली की ही सगळी बिनपगारी कामं एकेक करून अंगावर येतात, आणि वायरलेसचा आजवरचा इतिहास म्हणजे ती निस्तरण्याचा इतिहास आहे.

याचा पहिला मोठा धडा आयबीएमला मिळाला. १९८३ च्या नोव्हेंबरमध्ये त्यांनी पीसीज्युनिअर नावाचा घरगुती कॉम्प्युटर जाहीर केला. त्याचा कीबोर्ड बिनवायरीचा होता, टीव्हीच्या रिमोटसारखा इन्फ्रारेडवर चालणारा. सोफ्यावर बसून मांडीवर कीबोर्ड, अशी कल्पना. त्याला चार पेन्सिल सेल लागायचे आणि मध्ये कुणी आलं की अक्षरं गळायची. च्युइंगगमच्या चौकोनी गोळ्यांसारखी त्याची बटणं तर लोकांना अजिबात आवडली नाहीत. खरी गंमत पुढे आहे. एका वर्गात असे दोन-चार कॉम्प्युटर ठेवले की एकाचा कीबोर्ड दुसऱ्याशी बोलायचा. त्यावर उपाय म्हणून आयबीएमनं काय विकलं? वायर! ती जोडली की इन्फ्रारेड बंद, सेलचीही गरज नाही. १९८५ मध्ये ते मॉडेलच बंद झालं. आमच्या अभ्यासिकेत एका खोलीत सहा कॉम्प्युटर आहेत, म्हणून हा किस्सा मी सभेत सगळ्यात आधी सांगितला. सेक्रेटरी म्हणाले, “ते चाळीस वर्षांपूर्वीचं झालं हो.” तेही खरंच.

माझा कॅफे सुरू झाला २००१ साली. ठाणे-वाशी लोकल अजून सुरू व्हायची होती, ती आली २००४ मध्ये. तेव्हाच्या माऊसच्या मागे हिरवा गोल प्लग असायचा आणि कीबोर्डचा जांभळा. ही पीएस/२ जोडणी आयबीएमनं १९८७ मध्ये आणलेली, रंग नंतर ठरले. ती चालू कॉम्प्युटरला काढायची-घालायची नसते. पण गिऱ्हाइकाला काय त्याचं! माऊस अडला की पोरं मागे हात घालून प्लग उपटायची आणि अंदाजानं उलटासुलटा खुपसायची. मग आतली एखादी पिन वाकायची. त्यावर माझा इलाज ठरलेला होता: बॉलपेनची संपलेली रिफिल घ्यायची, तिची पोकळ नळी पिनेवर सरकवायची आणि हलक्या हातानं पिन उभी करायची. जोर जास्त झाला की पिन तुटते आणि मुंबईतल्या कॉम्प्युटरच्या बाजाराची, म्हणजे लॅमिंग्टन रोडची, एक फेरी वाढते. असे चार-पाच माऊस मी स्वतः मारले आहेत.

माऊस अडायचा तो पोटातल्या गोळीमुळे. खालची चकती फिरवून रबरी गोळी हातावर घ्यायची. आत दोन बारीक रूळ दिसायचे, आणि त्यांच्या बरोबर मधोमध घाम, धूळ आणि वडापावच्या तेलाची काळी पट्टी बसलेली असायची. ती नखानं खरवडली की दोरीसारखी सुटून यायची. रोज रात्री शटर अर्धं खाली ओढून दहा माऊस साफ करायचे, हा आमचा नेम. वायर असल्यामुळे माऊस जागेवर राहायचा. गोळ्या मात्र जायच्या. शाळा सुटायच्या वेळेला हमखास दोन कमी व्हायच्या. शेवटी मी चकत्या चिकटपट्टीनं बंद केल्या, म्हणजे मग साफ करताना माझीच पंचाईत.

गोळीचं दुखणं १९९९ मध्येच संपलं होतं खरं तर. त्या वर्षी मायक्रोसॉफ्टचा इंटेलिमाऊस एक्स्प्लोरर आला. पोटात एक लाल दिवा आणि एक छोटा कॅमेरा, तो टेबलाचे फोटो सेकंदाला शेकड्यांनी काढतो आणि दोन फोटोंमधला फरक पाहून माऊस किती सरकला ते ठरवतो. आमच्यापर्यंत परवडणाऱ्या किमतीत तो यायला थोडी वर्षं गेली. त्या लाल दिव्याला वीज लागायची, आणि वायर होती तोवर तिचा हिशोब कुणी केला नाही. दिवा बिनवायरीच्या माऊसमध्ये बसवला तेव्हा सेल भराभर संपायला लागले. माऊस थोडा वेळ हलला नाही की त्याला झोपवायचं, ही युक्ती त्यातूनच मुरत गेली. आज एका पेन्सिल सेलवर माऊस वर्षभर सहज चालतो. काकूंच्या प्रश्नाचं हे निम्मं उत्तर. सहा जोड्या म्हणजे बारा वस्तू, आणि त्यांचे सेल एकाच दिवशी संपत नाहीत, हे उरलेलं निम्मं.

इन्फ्रारेडनंतर रेडिओ आला. लॉजिटेकनं १९९१ मध्ये रेडिओवर चालणारा माऊस काढला. आपल्याकडे मात्र हे सेट दिसायला लागले ते २००० नंतर, २७ मेगाहर्ट्‌झवाले. कॉम्प्युटरला जोडायचा साबणाच्या वडीएवढा रिसीव्हर, त्याच्यावर एक बटण आणि माऊसच्या खालीही एक. दोन्ही दाबायची, की ओळख पटते. नौपाड्यात एका आर्किटेक्ट मित्रानं हौसेनं दोन सेट घेतले आणि दोन्ही एकाच सकाळी जोडले. दुपारी त्याची असिस्टंट पत्र टाइप करत होती आणि तिची अक्षरं याच्या नकाशावर उमटत होती. तासभर दोघांनाही व्हायरस आला असंच वाटत होतं. नॉर्वेतल्या स्टाव्हांगरमध्ये तर २००२ साली एकाचं टायपिंग शेजाऱ्याच्या कॉम्प्युटरवर उमटल्याची बातमी गाजली होती.

यातून वाट निघाली ती रेडिओलहरींच्या २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात. तिथे जागा जास्त. शिवाय ब्लूटूथसारखी पद्धत एका जागी बसतच नाही, मूळ ब्लूटूथ ७९ वाहिन्यांवरून सेकंदाला १,६०० उड्या मारतं, त्यामुळे कुणाशी टक्कर झाली तरी क्षणभराचीच. भारत सरकारनं जानेवारी २००५ मध्ये २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्‌झ हा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त केला. वायफाय, ब्लूटूथ आणि नखाएवढ्या रिसीव्हरचे माऊस आज आपल्याकडे मोकळेपणानं विकले जातात ते त्यामुळे. गर्दी तिथेही झालीच. ऐरोलीतल्या एखाद्या आयटी ऑफिसात एका मजल्यावर किती माऊस, हेडफोन आणि राऊटर एकाच पट्ट्यात बोलत असतील, याचा विचार करून बघा.

एक शत्रू तर कॉम्प्युटरच्या पोटातच निघाला. यूएसबी ३ या वेगवान जोडणीतून निघणारा गोंगाट नेमका २.४ च्या आसपास पडतो, हे इंटेलनं २०१२ मध्ये मोजून दाखवलं. माझा घरचा माऊस बाहेरची हार्ड डिस्क जोडली की लंगडायचा. रिसीव्हर तिच्या शेजारच्याच भोकात होता. शेवटी दीड हाताची यूएसबी एक्स्टेंशन आणून तो टेबलावर घेतला. म्हणजे बिनवायरीचा माऊस चालावा म्हणून मी वायर विकत आणली.

माऊस उशिरा हलतो ही जुनी तक्रार आता उरलेली नाही. गेम खेळणाऱ्यांसाठी आता एक मिलिसेकंदात निरोप देणारे वायरलेस माऊस मिळतात, आणि साधा वायरवाला यूएसबी माऊस बहुधा आठ मिलिसेकंदांनी एकदा बोलतो.

गुपिताचं काम मात्र सर्वात उशिरा लक्षात आलं. २०१६ च्या फेब्रुवारीत बॅस्टिल या कंपनीच्या संशोधकांनी ‘माऊसजॅक’ दाखवलं. अनेक कंपन्यांचे कीबोर्ड निरोप सांकेतिक करून पाठवत होते, माऊस तसेच उघडे बोलत होते, आणि रिसीव्हर उघड्या निरोपावरही विश्वास ठेवायचा. त्यामुळे लांब बसलेला माणूस माऊस असल्याचं सोंग घेऊन तुमच्या कॉम्प्युटरवर टाइप करू शकायचा. त्याच वर्षी काही स्वस्त कीबोर्ड तर बटणं जशीच्या तशी हवेत सोडतात, हेही त्यांनी दाखवलं. हे दोन्ही दोष ब्लूटूथवाल्यांत नव्हते. ब्लूटूथची अडचण वेगळी: विंडोज सुरू व्हायच्या आधी, म्हणजे बायोसमध्ये, कॉम्प्युटरच्या मूळ सेटिंगमध्ये, शिरायचं असेल तेव्हा, ते बऱ्याचदा मुकं असतं. अभ्यासिकेतली मशिनं जुनी आहेत आणि ती महिन्यातून एकदा मला बायोसमध्ये बोलावतातच.

सभेत निकाल लागला तो यातल्या कशानंच नाही. अभ्यासिकेत येणारी एक मुलगी मराठी टायपिंगच्या परीक्षेची तयारी करते. ती दारात उभी राहून ऐकत होती. म्हणाली, “काका, परीक्षेला वायरवालाच कीबोर्ड असतो. आमच्या क्लासमध्ये खटखट वाजणारे टीव्हीएसचे आहेत, तसले घ्या ना.” खटखट म्हटल्यावर पहिल्या मजल्यावरच्या आजोबांनी हरकत घेतली, म्हणून बिनआवाजाचे आले. पण वायरवाले, सहाच्या सहा, आणि माऊसच्या वायरी मी टेबलाच्या पायाला पट्ट्यांनी आवळून टाकल्या.

सेक्रेटरींच्या शब्दाखातर सातवी जोडी वायरलेस घेतली, प्रोजेक्टरसाठी. तिचा रिसीव्हर हरवू नये म्हणून ते तो ऑफिसच्या कपाटात कुलपात ठेवतात. रविवारी सिनेमा दाखवायचा होता तेव्हा कपाटाची किल्ली त्यांच्याबरोबर पनवेलला गेली होती.