दोन ग्रॅम विरुद्ध वीस मिलिग्रॅम

मुंबईतल्या सोसायट्यांमध्ये हल्ली गूळ, लिंबाच्या साली आणि पाणी १:३:१० प्रमाणात तीन महिने आंबवून केलेलं ‘बायो-एन्झाइम’ लादी पुसायला वापरतात. लादी स्वच्छ होते, पण ती मुख्यतः आंबवताना तयार झालेल्या ॲसेटिकसारख्या आम्लांमुळे. त्याला ‘बायोसर्फॅक्टंट’, म्हणजे सजीवांनी बनवलेलं, साबणासारखं पृष्ठताण उतरवणारं द्रव्य, म्हणून खपवणं ही निव्वळ जाहिरातबाजी.

खरं बायोसर्फॅक्टंट बघायचं तर १९६८पासून ठाऊक असलेलं सर्फॅक्टिन घ्या. बॅसिलस सबटिलिस हा जिवाणू ते बनवतो. समोर ठेवू टूथपेस्टमधलं सोडियम लॉरिल सल्फेट, म्हणजे एसएलएस.

शुद्ध पाण्याचा पृष्ठताण, म्हणजे पृष्ठभाग ताणून धरणारं बल, मीटरला ७२ मिलिन्यूटन. त्यात सर्फॅक्टंट थोडं थोडं घालत गेलं की रेणू आधी पृष्ठभागावर दाटी करतात. पाणी आवडणारी डोकी पाण्यात, पाणी टाळणाऱ्या शेपट्या हवेत. ताण उतरत जातो. वर जागा उरली नाही की बाकीचे रेणू पाण्यातच शेपट्या आत वळवून गोळे करतात. हेच मायसेल, तेलकटपणा यांच्याच पोटात जातो. यापुढे कितीही ओतलं तरी ताण फारसा हलत नाही.

हा टप्पा गाठायला लिटरभर पाण्यात एसएलएस सुमारे २.३ ग्रॅम लागतं. सर्फॅक्टिन वीसेक मिलिग्रॅम पुरतं, शिवाय ताण २७पर्यंत खाली आणतं. कारण रचनेत आहे. एसएलएसला बारा कार्बनची एकच शेपटी, आणि ऋणभारित डोकी एकमेकांना ढकलतात. सर्फॅक्टिनला शेपटी आहेच, पण डोकंही सात अमिनो आम्लांचं कडं. त्यातली चार ल्युसिन आणि एक व्हॅलिन, म्हणजे पाच पाण्याला नाखूश. असा रेणू पाण्यात एकटा राहतच नाही.

मग भांड्यांच्या साबणात हे का नाही? फेसामुळे. जिवाणूंना हवा द्यावी लागते, हवेने फेस होतो, आणि तो फर्मेंटरच्या, म्हणजे जिवाणू वाढवायच्या टाकीच्या, नळीतून माल घेऊन बाहेर पडतो. फेसरोधक घातला तर तोही पृष्ठभागावर जाऊन बसतो आणि ताणाची मोजमापं फसवतो. म्हणून काहीजण फेसच वरून गोळा करतात. पुढे पेशी सेंट्रिफ्यूजने काढून हायड्रोक्लोरिक आम्लाने सामू २वर आणायचा. आम्लगटांचा भार जातो आणि माल ४ अंशांवर रात्रभरात तळाशी बसतो. ही सगळी मेहनत किमतीत उतरते.

आणि ‘नैसर्गिक म्हणून निरुपद्रवी’ हेही खरं नाही: सर्फॅक्टिन तांबड्या रक्तपेशी फोडतं. उलट कपड्यांच्या पावडरीतलं एलएएस हे कृत्रिम सर्फॅक्टंट जिवाणू खातात, फक्त त्यांना ऑक्सिजन हवा. मिठी नदीच्या काळ्या पाण्यात नेमका तोच नसतो.