मर्यादित आवृत्तीची शाईपेने आणि त्यांचा संग्रह (मराठवाडा)

उत्पादकाने आधी जाहीर केलेल्या संख्येइतकीच घडवलेली आणि अंगावर अनुक्रमांक कोरलेली उंची शाईपेने जमवण्याचा, जपण्याचा व लिहिती ठेवण्याचा छंद. अशा पेनाच्या टोपणावर किंवा दांडीवर ‘१२०६/४८१०’ अशा धर्तीचा आकडा असतो. पहिला आकडा त्या पेनाचा, दुसरा एकूण नगांचा. संख्या संपली की तो नमुना पुन्हा काढायचा नाही, असा शब्द कंपनीने दिलेला असतो आणि सगळी किंमत त्या शब्दावर उभी असते. ‘स्पेशल एडिशन’ ही निराळी गोष्ट. तिचा रंग किंवा साज काही काळच बाजारात असतो, पण नग किती काढले हे कंपनी सांगत नाही. दुकानदार दोन्ही शब्द सर्रास एकाच अर्थाने वापरतात, म्हणून नव्या संग्राहकाने पावतीवरचा शब्द वाचण्याआधी पेनावरचा आकडा वाचावा.

निबेपर्यंत शाई हवी तेवढीच उतरावी आणि तेवढीच हवा आत जावी, ही शाईपेनाची मूळ अडचण. निबेखालच्या फीडला, म्हणजे शाई निबेपर्यंत नेणाऱ्या भागाला, बारीक खाचा पाडून लुइस वॉटरमनने ती सोडवली. त्याचे पेटंट १८८४ चे आहे. आजच्या लाखाच्या पेनातही तत्त्व तेच आहे. निब बहुधा १४ किंवा १८ कॅरट सोन्याची असते व तिच्यावर अनुक्रमे ५८५ किंवा ७५० हा अंक असतो. कागदावर घासणारे टोक मात्र सोन्याचे नसते. सोने मऊ असल्याने तिथे कठीण मिश्रधातूचा कण जोडतात. त्याला अजूनही सवयीने इरिडियम म्हणतात.

आवृत्ती मोजून काढण्याच्या प्रथेचे सुरुवातीचे ठळक उदाहरण पार्करचे आहे. १७१५ साली फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ बुडालेल्या स्पॅनिश जहाजांच्या ताफ्यातून निघालेली चांदी वापरून कंपनीने १९६५ मध्ये ‘पार्कर ७५’ ची ४,८२१ पेने केली. इथे संख्येला मर्यादा घालण्याचे कारण खरे होते, कारण मिळालेली चांदीच तेवढी होती. पुढे मर्यादा ही ठरवून घालायची गोष्ट झाली. हॅम्बुर्गच्या माँब्लाँ कंपनीने १९९२ मध्ये दोन मालिका सुरू केल्या. कलेच्या आश्रयदात्यांच्या मालिकेत पहिले पेन लोरेन्झो दे मेदिचीच्या नावाचे होते व त्याचे नग ४,८१० होते. हा आकडा मीटरमध्ये माँ ब्लाँ शिखराची उंची आहे आणि कंपनीच्या ‘माइस्टरश्टूक’ पेनांच्या निबेवरही तो कोरलेला असतो. लेखकांच्या मालिकेची सुरुवात हेमिंग्वेपासून झाली. त्या पेनाचे नग २०,००० होते, तरीही आज ते मिळवायला धावपळ करावी लागते. म्हणजे नगांची संख्या लहान असली की मागणी आपोआप वाढते, असे नाही. याच मालिकेतल्या १९९६ च्या अलेक्झांडर ड्यूमा पेनाच्या काही नगांवर कादंबरीकार बापाऐवजी त्याच नावाच्या मुलाची सही छापली गेली. चूक दुरुस्त झाली आणि चुकीचे नगच संग्राहकांच्या चर्चेचा विषय झाले.

जपानमध्ये पायलट, सेलर आणि प्लॅटिनम या तीन कंपन्यांची परंपरा आहे. पायलटच्या नामिकी नावाखाली निघणाऱ्या पेनांवर माकि-ए हे काम असते. उरुशी झाडाच्या चिकाचे थर देऊन ते ओले असताना सोन्याचांदीची पूड पेरतात, वाळवतात, घासतात आणि पुन्हा थर देतात. उरुशी कोरड्या हवेत नव्हे, दमट हवेत कडक होते. हाताने केलेल्या या कामात दोन पेने हुबेहूब सारखी निघत नाहीत, त्यामुळे तिथला अनुक्रमांक मला जास्त प्रामाणिक वाटतो. प्लॅटिनमच्या ‘३७७६’ या पेनाचे नाव फुजी पर्वताच्या मीटरमधल्या उंचीवरून आले आहे.

भारतात या विषयावर सर्वांत मोठा वाद झाला तो गांधीजींच्या नावाच्या पेनावरून. माँब्लाँने २००९ मध्ये पांढऱ्या सोन्यातील २४१ पेने काढली. दांडी यात्रेच्या २४१ मैलांवरून ही संख्या घेतली होती. टोपणाभोवती चातीवरच्या सुताची आठवण देणारी सोन्याची तार, निबेवर काठी घेऊन चालणारे गांधीजी आणि एका पेनाची किंमत अकरा लाख रुपयांच्या वर. सोबत ३,००० नगांची स्वस्त आवृत्तीही होती. राष्ट्रीय प्रतीके व नावे यांचा गैरवापर रोखणाऱ्या १९५० च्या कायद्याच्या आधारे केरळ उच्च न्यायालयात याचिका दाखल झाली आणि २०१० मध्ये कंपनीने भारतातली विक्री थांबवली. या गोष्टीची दुसरी बाजू आंध्रातल्या राजमहेंद्रीला आहे. तिथल्या रत्नम् या कारखान्याचे स्वदेशी पेन गांधीजींपर्यंत पोहोचले होते आणि १९३५ मध्ये त्यांनी त्याची पोच पत्राने दिली होती. कारागिराने लेथवर घडवलेले ते काळे पेन शेजारी ठेवले तर सोन्याच्या पेनातला घोटाळा समजायला न्यायालयाची गरज पडत नाही. ज्याच्या नावाने पेन काढायचे त्याने कोणते पेन हाती धरले असते, एवढा विचार पुरेसा होता.

मराठवाड्यात पेनाच्या आधीचा लेखनाचा इतिहास फार खोल आहे आणि इथल्या संग्राहकाने तो सोडून चालत नाही. मोडी लिपीचा प्रसार परंपरेने देवगिरीच्या यादवांचा करणाधिप, म्हणजे दप्तराचा प्रमुख, हेमाद्री पंडित याच्या नावाशी जोडला जातो. त्याच देवगिरीच्या, म्हणजे दौलताबादच्या शेजारी कागजीपुरा हे गाव आहे. मुहम्मद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी दौलताबादला हलवली तेव्हा आलेल्या कागद्यांनी ते वसवले, असे सांगतात, आणि हातकागदामुळेच त्याला हे नाव पडले. बोरूसाठीच्या हातकागदाला खळ देऊन वर घोटाई करत, म्हणून शाई पसरत नसे. आज मिळणारा बिनघोटाईचा हातकागद मात्र शाईपेनाला मानवत नाही. त्याचे तंतू निबेच्या फटीत अडकतात आणि अक्षराला केस फुटतात. भारी पेन हाती आले म्हणून हौसेने हातकागद घेणारे पुष्कळ असतात. त्यांनी कागदाचा कोपरा आधी साध्या पेनाने तपासून घ्यावा.

१९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. कचेरीची भाषा उर्दू, उच्च शिक्षण १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात आणि तेही उर्दूतून. हैदराबाद-गोदावरी खोरे रेल्वे १९०० च्या सुमारास मनमाडपर्यंत आली आणि नांदेड, परभणी, जालना, औरंगाबाद ही गावे एका रुळावर राजधानीला जोडली गेली. वकिलीची सनद, पुस्तके आणि पेनासारखी शहरी वस्तू यांसाठी पुण्या-मुंबईपेक्षा हैदराबाद जवळचे होते. आबिड्स भागात १९२८ मध्ये सुरू झालेले डेक्कन पेन स्टोअर्स त्याच काळातले. तिथल्या एबोनाइटच्या जाड पेनांना ‘अ‍ॅडव्होकेट’ हे नाव होते, आणि ते कोणाच्या हातासाठी होते हे नावच सांगते. शाई पश्चिमेकडून येई. दांडेकरांनी १९३१ मध्ये मुंबईत ‘हॉर्स ब्रँड’ शाईच्या पुड्या व गोळ्या काढल्या आणि त्याच उद्योगातून पुढे कॅमल शाई आणि कॅमलिन हे नाव आले. पाण्यात कालवलेली शाई, ड्रॉपर, खडूने टिपलेला डाग आणि खिशावरचा निळा ठिपका या आठवणी मराठवाड्यातल्या एका सबंध पिढीच्या आहेत. आज संग्रहाकडे वळणाऱ्या पुष्कळांची सुरुवात इथूनच होते.

एबोनाइट म्हणजे गंधक घालून कडक केलेले रबर. ते हाताला ऊबदार लागते, घामाने निसटत नाही, पण उन्हात व ओलाव्यात त्याचा काळा रंग उडून शेवाळी-तपकिरी होतो. म्हणून जुने एबोनाइट पेन पाण्यात भिजत घालू नये. आणखी एक गोष्ट फार कमी जणांना माहीत असते. एबोनाइटमधून गंधकाचा अंश सुटत राहतो व त्याने चांदी काळवंडते. आजोबांचे हैदराबादी पेन आणि चांदीचे मर्यादित आवृत्तीचे पेन एकाच बंद पेटीत ठेवले की वर्षभरात चांदीवर डाग दिसू लागतात. सेल्युलॉइडची पेने कापराच्या मदतीने बनतात. ती चटकन पेट घेतात आणि हवाबंद डबीत बिघडतात, म्हणून त्यांनाही वेगळी व हवेशीर जागा लागते.

इथल्या हवेचा विचार तर परदेशी माहितीपुस्तिकेत येणेच शक्य नाही. मे महिन्यात परभणी-नांदेडकडे पारा ४२ अंशांच्या पुढे जातो, हवा कोरडी असते आणि टोपण नीट न बसणाऱ्या पेनाची निब दुपारपर्यंत सुकते. प्लॅटिनमने २०११ पासून ‘३७७६’ च्या टोपणात आत स्प्रिंगवरचे झाकण बसवले. त्याचा खरा उपयोग अशा उन्हाळ्यात कळतो. गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा खिडकीत पेन ठेवू नये, कारण आतली हवा फुगून शाई बाहेर ढकलते. अर्ध्या रिकाम्या पेनात हवा जास्त, म्हणून ते जास्त गळते. प्रवासात पेन एकतर पूर्ण भरलेले किंवा पूर्ण रिकामे असावे आणि निब वर असावी. उरुशीच्या पेनाला कडक ऊन अजिबात चालत नाही.

पाणी हा दुसरा शत्रू. बोअरच्या पाण्याने निब धुतली तर क्षार खाचांत बसतात आणि चार-सहा महिन्यांत लिखाण तुटक होऊ लागते. दोष पेनाला दिला जातो. धुवायला आरओचे, शक्य असेल तर बॅटरीत घालायचे डिस्टिल्ड पाणी वापरावे, तेही कोमट नव्हे तर साधे. शाई बदलताना पाणी स्वच्छ येईपर्यंत भरावे आणि सोडावे. रंगद्रव्याची जाड शाई, रांगोळीसारखी चमक असलेली शाई आणि चित्रकलेची काळी शाई महागड्या पेनात घालू नये. काजळ आणि डिंकाची जुनी शाई बोरूसाठी उत्तम होती, शाईपेनाला ती गळफास आहे. हिराकस आणि मायफळाची, लोहयुक्त निळी-काळी शाई टिकाऊ असते. कागदावर ती हळूहळू काळी पडत जाते. तिचे आजचे सौम्य प्रकार चालतात, पण पेन महिनाभर तसेच पडू देऊ नये.

मराठी लिहिणाऱ्याने निब निवडताना दुकानातल्या इंग्रजी सहीवर विसंबू नये. जाड निबेने ‘राष्ट्रीय’ किंवा ‘ज्ञानेश्वर’ लिहिले की जोडाक्षरांची पोटे भरून जातात. जपानी ‘फाइन’ ही युरोपीय ‘फाइन’पेक्षा बारीक असते आणि देवनागरीला बहुधा तीच मानवते. बोरूसारखे जाड-बारीक वळण हवे असेल तर सपाट टोकाची स्टब निब घ्यावी आणि अक्षर मोठे काढावे. मर्यादित आवृत्तीत निबेची जाडी निवडायला फारसा वाव नसतो, बरेचदा ‘मीडियम’च मिळते. टोक घासून बारीक करता येते, पण ते काम जाणत्या कारागिराकडेच द्यावे. घासलेले इरिडियम परत येत नाही.

खरेदीसाठी मराठवाड्यातले लोक पुणे, मुंबई किंवा हैदराबाद गाठतात, नाहीतर परदेशातून मागवतात. मागवलेल्या पेनावर सीमाशुल्क पडते, म्हणून परदेशी किंमत आणि घरपोच किंमत यांत मोठे अंतर असते. आयकर कायद्याप्रमाणे १ एप्रिल २०१७ पासून एका व्यवहारात दोन लाख रुपये वा अधिक रोख स्वीकारता येत नाहीत. मोठी खरेदी बँकेमार्फतच झाली तर मालकीचा पुरावाही उरतो. पेटी, प्रमाणपत्र, पावती आणि अनुक्रमांक एकमेकांशी जुळत नसतील तर पेन अस्सल असूनही भाव पडतो. नकलांचे प्रमाण मोठे आहे. माँब्लाँच्या काळ्या रेझिनवर जोराचा उजेड टाकला की अस्सल पेनात लालसर झाक दिसते, पण एकाच कसोटीवर निर्णय घेऊ नये. निबेवरचे कोरीव काम, टोपणाचे आटे, क्लिपखालची अक्षरे, सगळे भिंगातून पाहावे.

शाई कधीच न भरलेल्या पेनाला बाजारात जास्त पैसे मिळतात. त्यामुळे काही संग्रहांत शेकडो निबा कागदाला न लागता पडून असतात. लक्ष्मीपूजनाला वहीशेजारी ठेवलेली लेखणी दुसऱ्या दिवशी जमाखर्च लिहायला घेतात. पूजा झाली म्हणून ती कोणी कपाटात बंद करत नाही. महाग पेनालाही हाच न्याय लावणारे संग्राहक मला अधिक जाणते वाटतात. रोज लिहिल्याने निब हाताच्या कोनाला रुळते, फीड ओले राहते आणि शाई आत ओढणारा पिस्टन आखडत नाही.

अनुक्रमांक नसलेल्या दुर्मिळतेकडे मात्र अजून कोणी पुरेसे पाहिलेले नाही. मराठा-कुणबी नोंदी शोधण्यासाठी २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा मराठवाड्यातली निजामकाळातली मोडी आणि उर्दू दप्तरे बाहेर निघाली आणि ती वाचणारे शोधावे लागले. ती दप्तरे लिहिणाऱ्या पिढ्यांची एबोनाइट पेने आजही जुन्या पेट्यांत सापडतात. शाई साठवणारी रबराची नळी विरघळलेली असते, निब वाकलेली असते, आणि घरातले लोक ती भंगारात देतात. पूर्वी पेन विकत घेतले की दुकानदार दांडीवर नाव कोरून देत. मर्यादित आवृत्तीच्या पेनावर असे नाव कोरले तर त्याची किंमत उतरते. जुन्या हैदराबादी पेनावर मात्र ते कोरलेले नाव, मराठीत असो की उर्दूत, पेन कोणाचे, कुठल्या गावचे आणि कोणत्या कचेरीतले हे शोधण्याचा बहुधा एकमेव धागा असतो. असे पेन हाती आले तर पॉलिश करण्याआधी त्या अक्षरांचा फोटो काढून ठेवावा. एबोनाइटवरचे उथळ कोरीव काम पॉलिशच्या पहिल्याच हाताने पुसले जाते.