स्प्लिट (युद्धकलांतील ताण-अभ्यास)

स्प्लिट : दोन्ही पाय परस्परविरुद्ध दिशांना इतके फाकवून बसणे की मांड्यांमध्ये १८० अंशांचा कोन होऊन जांघ जमिनीला टेकते, या शरीरस्थितीला स्प्लिट म्हणतात. एक पाय पुढे व दुसरा मागे गेला तर तो पुढचा स्प्लिट आणि दोन्ही पाय बाजूंना गेले तर आडवा स्प्लिट होय. योगाभ्यासात पहिल्याला हनुमानासन आणि दुसऱ्याला समकोणासन ही नावे आहेत. नागपूरच्या कराटे व तायक्वांदो वर्गांत मात्र ‘स्प्लिट’ हाच शब्द चालतो, आणि मांडीमागे जाणवणाऱ्या ओढीला शिकणारे व पालक सरसकट ‘नस ताणली’ म्हणतात, जरी बहुतेक वेळा ताणला जातो तो स्नायू असतो.

युद्धकलांमध्ये या स्थितीला महत्त्व आले ते लाथेच्या उंचीमुळे. तायक्वांदोच्या आजच्या स्पर्धा-नियमांत धडावरील साध्या लाथेला २, डोक्यावरील लाथेला ३ आणि गिरकी घेऊन डोक्यावर मारलेल्या लाथेला ५ गुण मिळतात. कराटेच्या कुमितेतही, म्हणजे दोघांतील लढतीतही, डोक्याच्या पातळीवरील लाथेला ३ गुण आहेत, तर ठोशाला १. चीनच्या वुशूमधील चांगच्युआन या प्रकारात उडीनंतर थेट स्प्लिटमध्ये उतरणे हा प्रदर्शनाचाच भाग असतो. विदर्भात लवचिकपणाचा अभ्यास मात्र या परदेशी खेळांच्या आधीपासून आहे. अमरावतीत १९१४ मध्ये स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने मल्लखांबासह देशी व्यायामांची परंपरा जोपासली आणि नागपुरात रामनगरच्या जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळाने आसनांचे शिक्षण सामान्य घरांपर्यंत नेले. तायक्वांदोच्या वर्गात आलेल्या मुलाला घरातील आजोबांनी हनुमानासन आधीच दाखवलेले असणे, हे या शहरात नवलाचे नाही.

उंच लाथेसाठी पूर्ण स्प्लिट लागतोच, ही समजूत तपासून पाहण्यासारखी आहे. खुब्याची उंची माणसाच्या एकूण उंचीच्या साधारण निम्मी असते आणि पायाची लांबीही तेवढीच. त्यामुळे सारख्या उंचीच्या प्रतिस्पर्ध्याच्या जबड्यापर्यंत पाय नेण्यासाठी उभा पाय व उचललेला पाय यांच्यात सुमारे १३० ते १४० अंशांचा कोन पुरतो, हे साध्या भूमितीतून निघते. शिवाय लाथ मारताना उभ्या पायाची टाच प्रतिस्पर्ध्याकडे वळवली की खुबा मोकळा होतो, आणि हे वळण न शिकलेला विद्यार्थी कितीही ताणला तरी त्याची बाजूची लाथ कमरेच्या वर जात नाही. स्प्लिटचा खरा लाभ वेगळा आहे. ज्याची मर्यादा १८० अंशांची आहे त्याला १४० अंशांवर स्नायूंशी झगडावे लागत नाही, लाथ सैल व जलद निघते आणि घाईत पाय घसरला तरी स्नायू फाटण्याचा धोका कमी राहतो.

पुढच्या स्प्लिटमध्ये पुढच्या पायाचे हॅमस्ट्रिंग, म्हणजे बैठकीच्या हाडापासून गुडघ्याखाली उतरणारे मांडीमागचे स्नायू, अडवतात. मागच्या पायाला मांडीच्या पुढचे आणि कण्यापासून मांडीकडे येणारे खोल स्नायू अडवतात. मागच्या पायाच्या बाबतीत आणखी एक अडसर असतो. खुब्याच्या पुढील अस्थिबंध, म्हणजे हाडाला हाडाशी बांधणारा चिवट पट्टा, हा शरीरातील सर्वांत बळकट अस्थिबंधांपैकी असून तो मांडीला फार मागे जाऊ देत नाही. म्हणून जवळजवळ प्रत्येक जण श्रोणी, म्हणजे कमरेखालचा हाडांचा सांगाडा, पुढे झुकवून, कंबरेला बाक देऊन किंवा मागचा खुबा किंचित बाहेर उघडून उरलेले अंतर भरून काढतो. यांपैकी कंबरेचा बाक अति झाला की पाठ दुखू लागते.

आडव्या स्प्लिटमध्ये मांडीच्या आतील बाजूचे स्नायू अडवतात, पण त्याआधी हाडांचा प्रश्न येतो. पाय सरळ बाजूला नेत गेल्यास मांडीच्या हाडाचा वरचा उंचवटा श्रोणीच्या कडेकडे सरकतो व हालचाल थांबते. श्रोणी पुढे झुकवली किंवा पावले वर, छताकडे वळवली, तर तो उंचवटा बाजूला होतो आणि पाय पुढे सरकतात; वर्षभर अडलेल्या विद्यार्थ्याला एवढ्या एका दुरुस्तीने एका बैठकीत बरेच अंतर मिळते. तरीही खुब्याच्या उखळीची खोली व दिशा माणसागणिक वेगळी असते, त्यामुळे काहींना पूर्ण आडवा स्प्लिट कधीच साधत नाही. ओढ मांडीच्या आत जाणवली तर स्नायू ताणला जात आहे असे समजावे. जांघेच्या खोलवर किंवा खुब्याच्या बाहेरच्या अंगाला चिमटा बसल्यासारखे वाटले तर हाड हाडाला लागत असते, आणि तेथे जोर लावून काहीही साधत नाही. पायात मुंग्या किंवा विजेसारखी कळ आली तर मात्र खरोखरच नस, म्हणजे मज्जातंतू, ताणली जात आहे, व तेथेच थांबावे.

स्नायू रबरासारखा ओढून लांब होतो, ही कल्पना अपुरी आहे. स्नायूमधील ताण ओळखणारे सूक्ष्म संवेदी तंतू झटका बसताच पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूला संदेश देतात व स्नायू प्रतिक्षिप्तपणे आखडतो. म्हणून उसळ्या देत खाली बसण्याची जुनी पद्धत स्वतःच्याच विरुद्ध काम करते. पहिल्या काही आठवड्यांत मिळणारी प्रगती मुख्यतः मज्जासंस्थेची त्या ताणाबाबतची सहनशीलता वाढल्यामुळे असते. ज्या टोकाला स्नायूत बळ नाही त्या टोकाला शरीर जाऊ देत नाही, असा अनुभव शिकवणाऱ्यांनाही येतो.

यावरून अभ्यासाचा क्रम ठरतो. आधी दहा मिनिटे धावून किंवा दोरीउड्या मारून अंग तापवावे, मग पाय पुढे, बाजूला व मागे ताब्यात ठेवून झुलवावेत. स्थिर ताण सरावाच्या शेवटी द्यावा. एकेक स्थिती सुमारे ३० सेकंद धरून दोन ते चार वेळा करावी. लढतीच्या अगदी आधी एकाच स्नायूला ६० सेकंदांहून अधिक स्थिर ताण दिल्यास त्याची ताकद काही काळ किंचित घटते. फलदायी ठरणारी एक पद्धत आकुंचन-शिथिलनाची. अमेरिकेत १९४० च्या दशकात हर्मन कॅबॅट यांनी पक्षाघात झालेल्या रुग्णांच्या उपचारासाठी विकसित केलेल्या तंत्रांतून ती आली. ताणलेल्या स्थितीत टाचांनी जमीन पाच-दहा सेकंद दाबून, जणू दोन्ही पाय जवळ ओढायचे आहेत असा जोर लावावा, नंतर सैल सोडून श्वास बाहेर टाकत थोडे खाली जावे. कमरेचाच पट्टा पावलात अडकवून हे एकट्यालाही करता येते. जोडीला कराटेतील किबादाची, म्हणजे घोड्यावर बसल्यासारखी रुंद बैठक, धरण्याचा सराव ठेवल्यास मांडीच्या आतील स्नायूंत बळ येते.

दुसऱ्याने खांद्यावर किंवा गुडघ्यावर दाब देऊन विद्यार्थ्याला खाली बसवणे ही प्रथा बंद झाली पाहिजे. दाब देणाऱ्याला ताण जाणवत नाही, आणि लहान मूल शिक्षकांपुढे ‘सर, दुखतं’ म्हणायला कचरते. किशोरवयात हा धोका विशेष असतो, कारण हॅमस्ट्रिंग जेथे चिकटलेले असतात ते बैठकीचे हाड अजून वाढीच्या कूर्चेने जोडलेले असते. ही कूर्चा स्नायूपेक्षा दुबळी असल्याने अचानक जोर पडल्यास स्नायू फाटण्याऐवजी हाडाचा तुकडाच ओढून निघतो. मुलाला ‘कट्’ असा आवाज येतो, बसता येत नाही, आणि घरचे ती साधी नस चढल्याची तक्रार समजून तेलाने चोळत राहतात. अशा वेळी मालिश न करता अस्थिरोगतज्ज्ञाकडे नेऊन क्ष-किरण तपासणी करावी. या वयात उंची झपाट्याने वाढत असताना आधी येणारा स्प्लिट काही महिने हुकतो, तेव्हा मुलाला आळशी ठरवून दाबू नये.

नागपूरच्या हवामानाचा या अभ्यासावर दुहेरी परिणाम होतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंशांची नोंद झाली होती. तेव्हा अंग लवकर सैल होते, पण पाणी व मीठ घटल्याने स्नायूत गोळे येतात, म्हणून सराव पहाटे किंवा सूर्य मावळल्यावर ठेवावा आणि घामेजल्या अंगाने कूलरच्या झोतासमोर ताण धरू नये. हिवाळ्यात उलट असते. २९ डिसेंबर २०१८ रोजी येथे किमान तापमान ३.५ अंशांवर आले होते. अशा सकाळी मैदानावर किंवा समाजभवनाच्या गार फरशीवर थेट स्प्लिटला बसणे दुखापतीला आमंत्रण देते. सतरंजी किंवा मॅट अंथरावी, पायजमा काढू नये आणि अंग तापवण्याचा वेळ दुप्पट करावा.

आठवड्यातून तीन-चार दिवस नियमित सराव केल्यास प्रौढाला पुढच्या स्प्लिटसाठी कित्येक महिने, तर आडव्यासाठी त्याहून अधिक काळ लागू शकतो. प्रगती जांघ व जमीन यांतील अंतराने मोजतात. जांघेखाली विटा किंवा जाड वह्यांची चळत ठेवली की आधारही मिळतो आणि मोजमापही होते. ही नोंद उजवा पाय पुढे असताना व डावा पाय पुढे असताना वेगवेगळी ठेवावी, कारण दोन बाजूंत काही इंचांचा फरक सर्रास आढळतो आणि लढतीत नेहमी एकाच पायाने लाथ मारणाऱ्यांत तो वाढत जातो.