बोअरमधली मोटर कुणाचं ऐकते?

सौरपंप बसवलेल्या शिवारात, बीडकडे असो की जालन्याकडे, सकाळी एक तक्रार ऐकू येते: "मोटर चालू हाय, पण पाणी पडंना." मग मोटर वर काढायची बोलणी सुरू होतात. ती काढायला आणि पुन्हा सोडायला किती खर्च येतो, हे बोअरवाल्यालाच ठाऊक. म्हणून आत काय घडतं, ते आधी पाहू.

सबमर्सिबल मोटरमध्ये फिरतो तो रोटर. नेहमीच्या इंडक्शन मोटरमध्ये या रोटरला एकही वायर जोडलेली नसते. तीन फेजची वीज मिळते ती बाहेरच्या, जागेवर पक्क्या बसलेल्या वाइंडिंगला. तिन्ही फेजचे प्रवाह पाळीपाळीने चढतात-उतरतात, त्यामुळे वाइंडिंग हलत नसलं तरी त्याचं चुंबकीय क्षेत्र गोल फिरतं. रोटरमधल्या तांब्याच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या दांड्यांत त्यातून प्रवाह उपजतो आणि रोटर क्षेत्रामागे ओढला जातो. अशी तीन फेजची मोटर डोलिव्हो-डोब्रोवोल्स्की या अभियंत्यांनी १८८९ मध्ये घडवली. रोटर क्षेत्राला कधीच गाठत नाही. गाठलं, तर दांड्यांतला प्रवाहच थांबेल आणि ओढही संपेल. ५० हर्ट्झ फ्रिक्वेन्सीला, म्हणजे विजेची सेकंदाला ५० आवर्तनं होत असताना, दोन पोलच्या (दोन चुंबकीय ध्रुवांच्या) मोटरचं क्षेत्र मिनिटाला ३००० फेरे घेतं, रोटर साधारण २८५०.

म्हणजे रोटरचा वेग बदलायचा तर क्षेत्राचा वेग बदलायचा. डीपीवरून, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरून, येणाऱ्या लाइनला ते जमत नाही, तिथे ५० हर्ट्झ ठरलेले. सौरपंपाचा कंट्रोलर नेमकं तेच करतो. पॅनेलच्या डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या, विजेपासून तो तीन फेज तयार करतो आणि ऊन जेवढं, तेवढी फ्रिक्वेन्सी ठेवतो. सोबत व्होल्टेजही त्याच प्रमाणात उतरवतो. नाहीतर मोटरच्या लोखंडात चुंबकत्व मावेनासं होऊन वाइंडिंग तापेल.

आता सकाळच्या तक्रारीकडे येऊ. पंप पाणी किती उंच चढवू शकतो, हे वेगाच्या वर्गावर (वेग गुणिले वेग) ठरतं. समजा, पूर्ण वेगाला तो ४०० फुटांपर्यंत पाणी ढकलू शकतो. कोवळ्या उन्हात ४० हर्ट्झ मिळाले, तर ही ताकद २५६ फुटांवर येते. बोअरमधलं पाणी ३०० फुटांवर असेल, तर रोटर इमानाने फिरतो, पाइपातलं पाणीही चढतं, पण तोंडापर्यंत पोचत नाही. २५ हर्ट्झला तर जेमतेम १०० फूट.

मराठवाड्यात हा हिशेब वर्षभर सरकत राहतो. पावसाळा संपताना काळ्या पाषाणातलं पाणी वर असतं, म्हणून कमी फ्रिक्वेन्सीलाही धार लागते. उन्हाळ्यात पातळी खाली जाते. २५० फुटांना ४० हर्ट्झ पुरत होते, तिथे ३०० फुटांना ४३ च्या पुढे जावं लागतं. आकडा छोटा दिसतो, पण पंपाला लागणारी वीज वेगाच्या घनाने वाढते, म्हणून ती सुमारे सव्वापट होते. त्यात मे महिन्यात तापलेलं पॅनेल कमी वीज देतं. ऊन कडक असूनही धार उशिरा लागते, ती यामुळेच. अशा वेळी घाईने मोटर काढू नये, कंट्रोलरवरची फ्रिक्वेन्सी बघावी.

भर दुपारी ५० हर्ट्झ दिसत असूनही पाणी कमीच पडलं, तर गोष्ट वेगळी. नुकतीच दुरुस्ती झाली असेल, तर दोन फेज उलटसुलट लागले असण्याची शक्यता मोठी. क्षेत्र उलटं फिरतं, रोटरही उलटा फिरतो आणि पंप अर्धवट पाणी देतो. सप्लाय बंद करून जाणकाराकडून तीनपैकी कोणत्याही दोन वायरींची अदलाबदल करून घेतली, की रोटर सुलटा फिरू लागतो.