परदेशी पाहुण्यांना घेऊन पुण्याहून सहलीला निघताना : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडे चालकासह गाडी घेणाऱ्या अनेक कुटुंबांकडे दिवाळीपासून होळीपर्यंत परदेशातील मित्र, मुलांचे सहकारी किंवा सुनेचे-जावयाचे माहेर-सासर पाहुणे म्हणून येते. गाडी आमची असली तरी या सहलीचे यजमान आपण असता, आणि सहल चांगली होणार की दमछाकीची हे बहुतेक वेळा गाडी दारातून निघण्यापूर्वीच ठरलेले असते. म्हणून आरक्षणाची पावती देताना आम्ही हे पत्रकही देतो. ते सवडीने वाचावे आणि शक्य झाल्यास पाहुण्यांच्या तारखा पक्क्या होण्याआधी वाचावे.

कागदपत्रे

परदेशी नागरिक आपल्या घरी मुक्कामाला आला असेल तर त्याची माहिती चोवीस तासांच्या आत परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाला ऑनलाइन कळवणे ही यजमानाची जबाबदारी आहे. ‘सी फॉर्म’ या नावाने ही नोंद सर्वांना परिचित आहे. हॉटेले ती स्वतः करतात. घरी उतरलेल्या पाहुण्याची मात्र ती आपल्याला करावी लागते, आणि “मित्रच तर आहे” म्हणून ती राहून जाते. पासपोर्ट आणि व्हिसाची प्रत समोर असली की हे काम अर्ध्या तासात होते. प्रवासात मूळ पासपोर्ट जवळ असावा, कारण मुक्कामाच्या प्रत्येक ठिकाणी तो मागितला जातो. काही लहान लॉज या नोंदणीच्या कटकटीमुळे परदेशी पाहुण्यांना खोली देत नाहीत. त्यामुळे रात्री दहा वाजता दारातून परत फिरण्यापेक्षा आरक्षण करतानाच “पाहुणे परदेशी आहेत” असे स्पष्ट सांगून लेखी होकार घ्यावा.

पाहुणे विमानात बसण्याआधी त्यांना दोन-तीन गोष्टी कळवून ठेवाव्यात. सॅटेलाइट फोन आणि डोंगरात भटकणारे लोक वापरतात ती उपग्रहाशी जोडलेली संदेशयंत्रे परवानगीशिवाय भारतात आणता येत नाहीत, आणि विमानतळावर ती सापडल्यास प्रकरण पोलिसांपर्यंत जाते. ड्रोनही घरीच ठेवायला सांगावे. ई-सिगारेटच्या आयातीवर आणि विक्रीवर 2019 च्या कायद्याने बंदी आहे.

स्वतः गाडी चालवण्याची हौस असलेला पाहुणा दर हंगामात एखादा तरी भेटतोच. त्याच्याकडे स्वदेशाच्या परवान्याबरोबर आंतरराष्ट्रीय वाहनचालक परवाना असावा लागतो. आमचा धंदा चालकासह गाडी देण्याचा असल्याने आमचे मत निःपक्षपाती समजू नये. तरीही उजव्या बाजूने गाडी चालवायची सवय असलेल्या माणसाने पहिलाच धडा खंबाटकी घाटात घेऊ नये असे आम्हांला मनापासून वाटते. घरच्या ओळखीतली पांढऱ्या नंबरप्लेटची खासगी गाडी भाड्याने घेणेही टाळावे. तशी गाडी भाड्याने चालवणे बेकायदेशीर आहे, आणि अपघात झाल्यास विम्याचा दावा नेमका याच मुद्द्यावर अडतो.

गाडी कोणती घ्यावी

गाडीची निवड माणसे मोजून केली जाते; आमचा आग्रह बॅगा मोजून करण्याचा आहे. एर्टिगामध्ये चालक सोडून सहा जण बसतात खरे, पण मागची रांग उघडी ठेवली की डिकीत जेमतेम हातातल्या पिशव्या मावतात, आणि गाडी सीएनजीची असेल तर त्या जागेतही सिलिंडर असतो. परदेशाहून येणाऱ्या प्रत्येक माणसाबरोबर किमान एक मोठी चाकांची सूटकेस असते, आणि तिच्यात काही कमी करता येईल का हे विचारण्याची यजमानाला भीड पडते. चार पाहुणे आणि दोन यजमान असतील तर इनोव्हा क्रिस्टालाही वर कॅरिअर लागतो. अन्यथा मोठ्या बॅगा पुण्यात घरी ठेवून प्रत्येकाने दोन-तीन दिवसांची लहान पिशवी बरोबर घ्यावी, आणि हा उपाय आम्हांला अधिक आवडतो. लहान मूल असल्यास चाइल्ड सीटबद्दल आरक्षणाच्या वेळीच सांगावे. पाहुण्यांना तिची सवय असते, आणि ती आयत्या वेळी मिळत नाही. मागे बसणाऱ्यांनीही पट्टा लावायचा असतो. पाहुणे तो न सांगता लावतात. आठवण आपल्यालाच करावी लागते.

वेरूळ आणि अजिंठा

सर्वाधिक मागणी या सहलीला असते आणि सर्वाधिक घोळही हिच्यातच होतात. अजिंठा सोमवारी बंद असते आणि वेरूळ मंगळवारी. रविवारी पुण्याहून निघून सोमवारी वेरूळ आणि मंगळवारी अजिंठा केल्यास दोन्ही लेणी उघडी मिळतात; तेच दोन दिवस उलट क्रमाने ठरवल्यास दोन्ही ठिकाणी कुलूप पाहून परतावे लागते. याच कारणाने आरक्षणाच्या वेळी आम्ही तारखेबरोबर वारही विचारतो.

पुणे ते छत्रपती संभाजीनगर हे अंतर सुमारे 235 किलोमीटर आहे. वाघोली ते शिक्रापूर या पट्ट्यात सकाळी साडेसातनंतर कोंडी होते, म्हणून गाडी सहाच्या सुमारास निघावी. संभाजीनगरात मुक्काम ठेवला तर वेरूळ तिथून सुमारे 30 किलोमीटरवर आहे आणि अजिंठा विरुद्ध बाजूला सुमारे 100 किलोमीटरवर. दोन्ही लेणी एकाच दिवसात “उरकता” येतील का, असे आम्हांला नेहमी विचारले जाते. गाडी दोन्ही ठिकाणी पोहोचेल, पण पाहुण्यांच्या लक्षात फक्त गाडीच राहील. दोन लेण्यांना दोन स्वतंत्र दिवस द्यावेत.

अजिंठ्याला आपली गाडी लेण्यांपर्यंत जात नाही. फर्दापूरजवळच्या टी पॉइंटवर ती थांबते आणि पुढचे चार किलोमीटर तेथील बसने जावे लागते. सामान गाडीत चालकाजवळ ठेवावे. पासपोर्ट, पाण्याची बाटली आणि टोपी बरोबर न्यावी. पायऱ्या चढणे ज्यांना जमणार नाही त्यांच्यासाठी डोलीची सोय मिळते. चित्रे असलेल्या लेण्यांत पादत्राणे बाहेर काढावी लागतात, तेव्हा बुटांच्या लांबलचक नाड्या बांधण्या-सोडण्यात वेळ जाऊ नये म्हणून पाहुण्यांना चपला किंवा सँडल घालायला सांगावे. फ्लॅश वापरण्यास मनाई आहे. रंग जपण्यासाठी आतला प्रकाश मुद्दाम मंद ठेवलेला असतो. दारातून आत येताच फोटो काढून बाहेर पडणाऱ्याला काळोखाशिवाय काही दिसत नाही. तीन-चार मिनिटे स्तब्ध उभे राहिले की पहिल्या लेण्याच्या भिंतीवर रंगवलेला, हाती कमळ घेतलेला बोधिसत्त्व पद्मपाणी हळूहळू दिसू लागतो. वेळ कमी असल्यास 1, 2, 16 आणि 17 ही लेणी सोडू नयेत.

वेरूळला 34 लेणी असून 1 ते 12 बौद्ध, 13 ते 29 हिंदू आणि 30 ते 34 जैन आहेत. जैन लेणी इतरांपासून थोडी दूर असल्याने ती बहुतेकांकडून राहून जातात, आणि गर्दीला कंटाळलेल्या पाहुण्यांना नेमकी तीच आवडतात. लेण्यांची तोंडे पश्चिमेकडे आहेत. त्यामुळे दर्शनी भागांवर ऊन दुपारनंतर येते, आणि कॅमेरा घेऊन आलेल्या पाहुण्यासाठी ती वेळ राखावी. सोळाव्या लेण्यात म्हणजे कैलासात शिरल्यावर प्रथम एक गोष्ट सांगावी, की येथे काहीही बांधलेले नाही, सगळे डोंगर वरून खाली कोरून काढलेले आहे. नंतर काही वेळ आपण गप्प राहिलात तरी चालते.

तिकिटांचा प्रश्न आपल्यापेक्षा पाहुण्यांना कमी बोचतो. या दोन्ही ठिकाणी भारतीयांना 40 रुपये आणि परदेशी नागरिकांना 600 रुपये असा दर आहे. कार्ले, भाजे, शनिवारवाडा आणि आगाखान पॅलेस येथे तो 25 आणि 300 रुपये आहे. ऑनलाइन काढल्यास तिकीट थोडे स्वस्त पडते. पंधरा वर्षांखालील मुलांना तिकीट नाही. सार्क आणि बिमस्टेक या शेजारी देशांच्या गटांतील नागरिकांना भारतीयांचाच दर लागतो. परदेशी पासपोर्ट असलेले आपले नातेवाईक ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्डधारक असतील तर 2021 च्या अधिसूचनेनुसार त्यांनाही प्रवेशशुल्कात भारतीयांइतकीच सवलत आहे, मात्र कार्ड खिडकीवर दाखवावे लागते. ते घरच्या कपाटात ठेवून येणारे बरेच असतात.

एका दिवसाच्या सहली

पाहुणे विमानातून उतरले त्याच्या दुसऱ्याच दिवशी दूर जाऊ नये. त्यांचे पोट आणि झोप दोन्ही अजून मागच्या देशात असतात. तो दिवस शहरात घालवावा. शनिवारवाडा, राजा दिनकर केळकर संग्रहालय आणि जिथे 1942 मध्ये महादेवभाई देसाई व 1944 मध्ये कस्तुरबा गांधी यांचे निधन झाले तो आगाखान पॅलेस, एवढे पुरे होते. पेठांमध्ये मोठी गाडी आणू नये. तिथे रिक्षाच कामाची, आणि पाहुण्यांची करमणूकही तिच्यातच होते.

कार्ले आणि भाजे ही पुण्यापासून सुमारे 60 किलोमीटरवरील लेणी एका दिवसात आरामात होतात. कार्ल्याला एकवीरा देवीमुळे शनिवार-रविवारी आणि नवरात्रात फार गर्दी असते. मधला वार निवडावा. पायऱ्या बऱ्याच आहेत, म्हणून सकाळी लवकर चढावे. चैत्यगृहाच्या छताला असलेल्या लाकडी कमानी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या मूळच्या आहेत, हे मान वर करून दाखवावे. तसेच तेथील काही खांब धेनुकाकट या गावच्या ‘यवन’ (म्हणजे परदेशी, बहुधा ग्रीक) दात्यांनी दिल्याचे शिलालेखात कोरलेले आहे, हेही सांगावे. दूरदेशीच्या पाहुण्याला त्या जागी आपलेपणा वाटायला एवढे पुष्कळ होते. समोरचा लोहगड 2025 मध्ये जागतिक वारसा यादीत आलेल्या मराठा लष्करी भूप्रदेशातील बारा किल्ल्यांपैकी एक आहे. दोन लेणी आणि किल्ला असा बेत मात्र फक्त तरण्याबांड मंडळींनी करावा.

जेजुरी सुमारे 50 किलोमीटरवर आहे. भंडारा उधळला जाताना त्याचे फोटो अप्रतिम येतात आणि त्याच वेळी कॅमेऱ्याचे नुकसानही होते, कारण हळदीची बारीक पूड लेन्सच्या फटीत शिरली की पुसून निघत नाही. कॅमेऱ्याला प्लास्टिकची पिशवी गुंडाळून फक्त काच उघडी ठेवावी, लेन्स तिथे बदलू नये आणि पांढरे कपडे घालू नयेत. गाडीच्या आसनांवर चादर आम्ही घालून देतो.

महाबळेश्वर सुमारे 120 किलोमीटरवर असून तिथे एक मुक्काम करावा. पसरणी घाटात ज्यांना गाडी लागते त्यांना पुढे बसवावे आणि वाईत भरपेट जेवण टाळावे. आलेपाकाची वडी चालकाकडे असतेच. माकडांना खाऊ देऊ नये. माकड किंवा कुत्रा चावल्यास जखम साबणाच्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे, मग जखम कितीही किरकोळ असो. पावसाळ्यात वरंधा आणि ताम्हिणी घाटांत दरडी कोसळतात, तेव्हा त्या दिवसांत मार्ग ठरवण्याचा शेवटचा निर्णय आमचा राहील.

खाणे, थांबे आणि लोक

पाणी सीलबंद बाटलीचेच घ्यावे आणि बर्फ टाळावा. मिसळ पहिल्या दिवशी नको. पिठले-भाकरी, वरण-भात, थालीपीठ आणि लोणी यांनी सुरुवात करावी. आपल्याला “अजिबात तिखट नाही” वाटणारी भाजी पाहुण्याला तिखट लागू शकते, त्यामुळे दही जवळ असू द्यावे. आग्रहाने वाढण्याची आपली रीत त्यांना आवडते, परंतु नाही म्हणणे त्यांना जमत नाही आणि रात्री त्रास होतो. दर दीड-दोन तासांनी स्वच्छ स्वच्छतागृहाचा थांबा आमचे चालक स्वतःहून घेतात. बायकांना त्यासाठी विचारावे लागू नये असा आमचा नियम आहे.

किल्ल्यांवर आणि धरणांवर अनोळखी लोक पाहुण्यांबरोबर सेल्फी मागतात. दोन-चार वेळा गंमत वाटते, पुढे कंटाळा येतो. अशा वेळी नकार यजमानाने मराठीत हसून द्यावा. पाहुण्याने दिलेला नकार उद्धट वाटतो. आमचा चालक आपल्याला ठरावीक पैठणीच्या किंवा हिमरूच्या दुकानात नेण्याचा आग्रह धरू लागल्यास आम्हांला लगेच कळवावे. कमिशनच्या दुकानदारीला आमची परवानगी नाही. बक्षीस द्यायचे की नाही हे पाहुणे विचारतील. ते ऐच्छिक आहे.

आकारणी आणि परतीचा दिवस

शहरात आठ तास आणि 80 किलोमीटर, तर बाहेरगावी दररोज किमान 300 किलोमीटर धरून आकारणी होते. किलोमीटर गॅरेजपासून गॅरेजपर्यंत मोजले जातात. टोल, पार्किंग आणि चालकाचा भत्ता वेगळा असतो. रात्री अकरा ते पहाटे पाच आमची गाडी महामार्गावर चालत नाही, आणि यातून सूट फक्त विमानतळासाठी मिळते.

पाहुणे मुंबईहून परत जाणार असतील तर पुण्यातून निघण्याची वेळ उड्डाणाच्या किमान आठ तास आधीची धरावी. त्यातले तीन तास विमानतळावर लागतात, आणि उरलेल्या पाचांत घाटातली कोंडी, शहरातली वाहतूक आणि एक थांबा बसवावा लागतो. लोणावळ्यात चिक्की घ्यायची असेल तर आदल्या दिवशी सांगावे, म्हणजे गाडी अर्धा तास आधी दारात येईल.