थेंब केवढा धरायचा?

गळक्या नळाखाली भांडं ठेवून वर्गाला विचारावं, 'दिवसभरात किती पाणी जाईल?' कुणी म्हणतं पेलाभर, कुणी म्हणतं पिंपभर. दोघंही छातीठोकपणे सांगतात, मोजलेलं कुणीच नसतं. पाणी वाचवा म्हणून लावलेल्या तक्त्यांची गतही फारशी वेगळी नाही. सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला ८६,४०० थेंब, इथवर गणित चोख. पण थेंब केवढा? औषधाच्या ड्रॉपरसारखा, मिलिलिटरला २० थेंब असा धरला तर दिवसाचे ४.३ लिटर होतात. लिटरला ४,००० थेंब धरले तर २१.६ लिटर. नळ तोच, थेंबही तेवढेच, आणि उत्तरात पाचपट फरक!

तेव्हा आधी थेंबच मोजावा. एकटा थेंब हाती लागत नाही, तो मोजपात्राच्या काचेलाच चिकटून बसतो. म्हणून शंभर थेंब पडू द्यायचे, आलेल्या आकड्याला शंभरानं भागायचं आणि हे तीनदा करायचं. पात्रातलं पाणी कडेला काचेवर किंचित चढलेलं असतं, मधे खोलगट दिसतं. डोळे त्या पातळीला आणून खोलगट भागाचा तळ वाचायचा. उभ्याउभ्या वरून वाकून वाचणारा हमखास जास्त आकडा सांगतो. मोजपात्र नसेल तर वजनकाटा चालतो, कारण एक मिलिलिटर पाणी जवळपास एक ग्रॅम भरतं.

नळागणिक थेंब बदलतो याचं कारण तोटीच्या तोंडाशी आहे. पाण्याचा पृष्ठताण, म्हणजे त्याच्या पृष्ठभागाचा ताणलेल्या पातळ कातडीसारखा वागण्याचा गुण, थेंबाला तोटीच्या कडेला धरून ठेवतो. थेंब फुगत जातो, वजन पेलवेनासं झालं की वर बारीक मान तयार होते आणि ती तुटते. नळीचं तोंड जितकं रुंद तितका थेंब जड, हा नियम थॉमस टेट यांनी १८६४ मध्ये मांडला. तोटीच्या कडेला साबणाचं बोट फिरवून पाहा. पृष्ठताण कमी होतो आणि थेंब लगेच लहान पडू लागतात. शिवाय टपटप वाटते तितकी तालात नसते. १९८० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझ इथे रॉबर्ट शॉ आणि सहकाऱ्यांनी दोन थेंबांमधला वेळ नेमका मोजला. प्रवाह थोडा वाढवला की त्या वेळांचा क्रम पार विस्कटून जातो, असं त्यांना दिसलं. साध्या गळक्या नळात केऑस, म्हणजे नियमांनी चालूनही पुढचं सांगता येऊ नये अशी चाल! म्हणून एकाच मिनिटाच्या मोजणीवर दिवसाचा हिशेब मांडू नये.

समजा शंभर थेंबांचे १२ मिलिलिटर भरले. सेकंदाला एक थेंब या गतीनं दिवसाचे साधारण १०.४ लिटर झाले. आता दुसरा प्रयोग: नेहमीइतका नळ सोडून बादली भरायला किती वेळ लागतो ते पाहायचं. स्टॉपवॉच दाबण्यात पाव सेकंद तरी इकडेतिकडे होतो, त्यामुळे तीन सेकंदांत भरणारा मग इथे कामाचा नाही. टाकी भरलेली असताना धार जोरात येते आणि पातळी उतरली की मंदावते, म्हणून दिवसातून दोनदा मोजलेलं बरं. १२ लिटरची बादली दोन मिनिटांत भरली, तर नळ सोडून दोन मिनिटं दात घासणाऱ्यानंही तेवढंच पाणी सोडलं. त्यातून चूळ भरायला लागलेलं अर्धा लिटर वजा करा, उरलेले साडेअकरा लिटर खरे वाया गेलेले. ही वजाबाकी मुलं हटकून विसरतात. म्हणजे ज्या टपटपीच्या नावानं आपण दिवसभर खडे फोडतो, तिच्यापेक्षा एकदा दात घासणं भारी पडलं.

टपटपीची बारीक धार झाली की मात्र पारडं फिरतं. मिनिटाला २०० मिलिलिटर, म्हणजे जेमतेम पेलाभर पाणी, दिवसाला २८८ लिटर होतं. अशी धार निदान दिसते तरी. फ्लशच्या टाकीतली गळती भांड्याच्या कडेनं गुपचूप उतरते. टाकीत खाण्याचा रंग टाकून अर्धा तास फ्लश करायचं नाही. खाली भांड्यात रंग उतरला, तर आतली झडप गळते आहे. घराला मीटर असेल तर रात्री नळ बंद करून आकडा लिहून ठेवायचा आणि सकाळी पहिला नळ सोडण्याआधी पुन्हा पाहायचा. टाकी भरणारा नळही त्या वेळात बंद हवा, नाहीतर भरलेलं पाणीच गळती म्हणून मांडलं जातं.

एक घोळ कोणत्याच उपकरणानं सुटत नाही. मुलगा घड्याळ घेऊन शेजारी उभा राहिला की घरातली मोठी माणसं नळ पटकन बंद करतात. त्या दिवशीचा आकडा सुंदर येतो, पण तो रोजचा नसतो. म्हणून पहिले दोन-तीन दिवस कुणाला न सांगता वेळ टिपावा, मग सांगून टिपावा. पहिले आकडे वाईट दिसतात म्हणून खोडू नयेत, दोन्ही रकाने वहीत शेजारी शेजारी ठेवावेत.